उत्सवाची शाळा आणि पोटाचा प्रश्न

"गाऊन-वाजवून पोट भरते काय?" हा प्रश्न कानावर न पडता लहानाचा मोठा झालेला मुलगा आपल्याकडे विरळाच. गणपतीच्या दिवसांत ढोलकी घेऊन बसणाऱ्या पोराचे दहा दिवस सगळी आळी कौतुक करते, आणि अनंत चतुर्दशी उलटली की तेच पोर अभ्यास बुडवणारे ठरते. सण आणि संगीत ही हौस, नोकरी आणि धंदा हा खरा संसार, अशी वाटणी आपण मनाशी पक्की करून टाकली आहे. या वाटणीकडे इतिहासाच्या अंगाने पाहावे, एवढाच आमचा आजचा हेतू आहे. त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. शेजारच्या गोमंतकात देवळांच्या जत्रांनी आणि चर्चच्या फेस्तांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती वाद्य दिले व गळ्यात सूर घातला, आणि त्या शिदोरीवर कित्येक कुटुंबांनी मुंबईत, पुण्यात, फार काय, दूरदेशीही आपला चरितार्थ चालवला. वरील प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासात आहे. मात्र ते उत्तर आपण समजतो तितके सरळ नाही, आणि सर्वस्वी गोडही नाही.

प्रथम भूमीची ओळख करून घेऊ. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे शहर घेतले आणि त्या शतकाच्या मध्यापर्यंत तिसवाडी, बारदेश व साष्टी हे तालुके त्यांच्या अंमलाखाली आले. धर्मांतरांची लाट आली, देवळे पाडली गेली, आणि भाविकांनी आपल्या देवमूर्ती नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात हलवल्या. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील देवस्थाने तेथे नांदू लागली. हा फोंडा महाल पोर्तुगीजांकडे गेला तो १७६३ साली, आणि तोवर पहिल्या काळातील धर्मवेड पुष्कळसे निवळले होते. या इतिहासात जबरदस्ती होती, दुःख होते. ते झाकण्याचे आम्हास कारण नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, थोड्या कोसांच्या अंतरावर संगीताच्या दोन निराळ्या शाळा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एक चर्चच्या आश्रयाची, दुसरी देवळाच्या. दोहोंचा पाया एकच, तो म्हणजे उत्सव.

चर्चची शाळा आधी पाहू. खेडोपाडीच्या चर्चला जोडून एक लहानशी पाठशाळा असे. तिचा शिक्षक तो 'मेस्त'. तो मुलांना अक्षरओळख देई, धर्मपाठ सांगे, आणि त्याबरोबरच पाश्चात्त्य पद्धतीची स्वरलिपी वाचावयास शिकवी. आधी 'सोल्फा' पाठ व्हावयाचा, मग हाती व्हायोलिन यावयाचे. कोकणीत त्यास 'रबेक' म्हणतात. हे शिक्षण मुलाने पुढे वादक व्हावे म्हणून दिले जात नव्हते. चर्चमध्ये गाणारे हवेत, गावच्या फेस्तात वाजवणारे हवेत, म्हणून ते दिले जाई. मेस्ताच्या डोळ्यांपुढे मुलाची नोकरी नव्हती. डोळ्यांपुढे येणारा सण होता.

हा सण म्हणजे तरी काय? गावच्या संताचे फेस्त येण्यापूर्वी नऊ दिवस 'नोवेना' चालते. रोज प्रार्थना, रोज गायन. फेस्ताच्या पहाटे गावातून बँड फिरतो, त्यास 'आल्वोराद' म्हणतात. मग मोठी प्रार्थना, मिरवणूक आणि रात्री नाटक किंवा नाच. याखेरीज मे महिन्यात घरोघरी व वाटेवरच्या क्रुसांपाशी लादिन म्हटले जाते. तेथेही व्हायोलिन आलेच. वर्षभराचा हा पंचांगाचा फेरा म्हणजे मुलाची परीक्षाच होती. पण ती वर्गातली नव्हे, साऱ्या गावासमोरची. लिहिलेले स्वर पाहताक्षणी वाचता आले पाहिजेत, शेजाऱ्याच्या सुराशी आपला सूर जुळला पाहिजे, पहाटे चारला बोलावले तर चारलाच हजर झाले पाहिजे. चुकले तर मेस्ताची छडी, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी बाजारात होणारी चेष्टा! नेमके हेच गुण पुढे मुंबईच्या बाजारात मोलाचे ठरले.

गोव्यात जमीन थोडी आणि रोजगार त्याहून थोडा. एकोणिसाव्या शतकात तरुणांचे लोंढे मुंबईकडे निघाले. कोणी खलाशी झाले, कोणी स्वयंपाकी, कोणी शिंपी. आणि ज्यांच्या ट्रंकेत व्हायोलिन वा कर्णा होता ते वादक झाले. धोबीतलाव, माझगाव या भागांत त्यांनी गावोगावचे 'कूड' थाटले. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी अल्प वर्गणीत चालवलेली सामायिक बिऱ्हाडाची जागा. भिंतीशी ओळीने ट्रंका, आणि एका बाजूस गावच्या संताची वेदी. गावात ज्या दिवशी फेस्त, त्या दिवशी कुडातही फेस्त. परक्या शहरात हा सण केवळ करमणुकीचा नव्हता. कोणाला कोठे काम मिळाले, कोणत्या बँडला माणूस हवा आहे, कोणाचा भाचा नुकताच आगबोटीने उतरला आहे, ही सारी चौकशी अशाच जागी व्हावयाची. आज ज्यास आपण नोकरीसाठीच्या ओळखी म्हणतो, त्या तेव्हा संताच्या वेदीपुढे जुळत. कोकणी रंगभूमीचा जन्मही मुंबईतलाच, आणि तोही सणाच्या दिवशीचा: १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लुकाझिन्य रिबेर यांनी पहिला तियात्र रंगवला. तियात्राबरोबर वादकांना आणखी एक काम मिळाले.

आता या वादकांच्या व्यवसायाचा आलेख पाहिला म्हणजे एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. धंदा पुन:पुन्हा बुडाला, पण विद्या बुडाली नाही. आरंभी पलटणींचे आणि संस्थानिकांचे बँड होते. मूकपट आले तेव्हा पडद्यासमोर बसून वाजवण्याचे काम मिळाले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' हा पहिला बोलपट लागला आणि पडद्यासमोरच्या वादकाची खुर्ची रिकामी होऊ लागली. तेव्हा ही मंडळी बड्या हॉटेलांत जाझ वाजवू लागली. त्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील कृष्णवर्णीय जाझ वादक येत. फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोमंतकीय वादक त्यांच्या मांडीला मांडी लावून वाजवीत व शिकत. पुढे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री ओस पडू लागल्या आणि वादकांनी आपली वाद्ये उचलून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांची वाट धरली. पुन:पुन्हा पोट बदलले, आणि दर वेळी कामास आली ती गावच्या मेस्ताने दिलेली तीच जुनी पुंजी.

चित्रपटसंगीतात या पुंजीची गरज का पडली, हे समजून घेण्याजोगे आहे. आपले संगीतकार रागदारीत मुरलेले. चाल त्यांना हार्मोनियमवर क्षणात सुचे. परंतु पन्नास वादकांनी एकाच वेळी, ठरल्या क्षणी, आपापला तुकडा वाजवायचा तर तो कागदावर उतरलेला हवा. हे उतरवून देणारा तो 'अरेंजर', आणि ते वाचणारे ते वादक. या दोन्ही जागी गोमंतकीय ख्रिस्ती मंडळी मोठ्या संख्येने होती. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवणारे सेबॅस्टियन डिसूझा मुंबईस आले आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागील व्हायोलिनांचा तो भरदार ताफा त्यांनी उभा केला. बारदेशातील हळदोणे गावचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, ज्यांना जग 'चिक चॉकलेट' म्हणून ओळखते, ते ट्रंपेटचे बादशहा. सी. रामचंद्र, म्हणजे आपल्या पुणतांब्याचे राम चितळकर, यांच्याशी त्यांची जोडी जमली. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. आणि गंमत पाहा, त्याच चित्रपटातील चाली पुढे कितीतरी वर्षे बँडवाल्यांनी आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत वाजवल्या, आणि भगवान यांच्या त्या ठेक्यावर लालबाग-गिरगावची पोरे नाचली. फेस्तात शिकलेली विद्या चित्रपटाच्या वाटेने पुन्हा एका उत्सवातच येऊन पोहोचली.

साष्टीतील माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस यांची कथा याहून बोलकी आहे. १९२७ चा जन्म. वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख. मुलगा मुंबईस आला, नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला, आणि पुढे स्वतः शिकवू लागला. ट्रंपेटवादक रामप्रसाद शर्मा यांचा मुलगा प्यारेलाल त्यांचा शिष्य. गोन्साल्विस यांच्या मनात केवळ उपजीविका नव्हती. आपल्या रागांना पाश्चात्त्य वाद्यवृंदाची बैठक द्यावी, हा त्यांचा ध्यास. १९५८ साली मुंबईत त्यांनी तसा प्रयोग करूनही दाखवला. परंतु अशा प्रयोगास आश्रय देणारे कोणी पुढे आले नाही. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेस गेले, परतले ते माजोर्ड्यासच, आणि मुंबईच्या झगमगाटापासून दूर राहून २०१२ साली निवर्तले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये ईस्टरच्या समारंभात प्रचंड अंड्यातून बाहेर पडणारा नायक आपले नाव अँथनी गोन्साल्विस म्हणून सांगतो. ते नाव शिष्याने गुरूस वाहिलेले फूल होते. साऱ्या देशाने ते नाव गुणगुणले; ते एका खऱ्या माणसाचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

आता नदी ओलांडून अंत्रुजात जाऊ. दोन्ही तीरांवर एक वाद्य समान आहे: घुमट. मातीच्या मडक्याला घोरपडीचे कातडे ताणून ते बनवीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर घोरपडीऐवजी बकऱ्याचे कातडे वापरण्याकडे वळावे लागले. चवथीच्या आरतीत हिंदू घरी घुमट वाजते, आणि मांडो गाताना ख्रिस्ती घरीही तेच घुमट वाजते. धर्माने दोन केलेल्या लोकांना तालाने एका धाग्यात ठेवले होते.

अंत्रुजातील देवस्थानांत पालखी, कीर्तन, जत्रा, नाटक यांचा वर्षभराचा क्रम चाले. देवळाच्या सेवेत असलेल्या कलावंत घराण्यांतील मुलींना गाणे व नृत्य लहानपणापासून शिकवले जाई, आणि पुरुष तबला, सारंगी हाताळीत. चर्चच्या शाळेत जशी स्वरलिपी, तशी येथे लय पक्की केली जाई. लयभास्कर म्हणून नावाजलेले खाप्रुमामा पर्वतकर याच मातीतले. या भूमीतून १८९२ साली फोंड्यानजीकच्या केरी गावी केसरबाई केरकर जन्मल्या, १९०४ साली कुर्डी येथे मोगूबाई कुर्डीकर जन्मल्या, आणि १९०० साली मंगेशीस दीनानाथ मंगेशकर जन्मले. केसरबाई व मोगूबाई या दोघींनी पुढे अल्लादिया खाँसाहेबांची अवघड गायकी आत्मसात केली, आणि दोघींनाही पद्मभूषण हा सन्मान मिळाला. दीनानाथांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली. १९२९ साली मंगेशीतच जन्मलेले जितेंद्र अभिषेकी हे कीर्तनकाराचे चिरंजीव. 'मत्स्यगंधा' आणि 'कट्यार काळजात घुसली' या नाटकांच्या संगीतात कीर्तनाच्या त्या संस्कारांचे पाझर जाणत्या कानास आजही ऐकू येतात.

येथवर ऐकून कोणास वाटेल, चला, प्रश्न सुटला! गाऊन-वाजवून पोट भरते. इतकेच नव्हे तर कीर्तीही मिळते. परंतु इतिहासाची दुसरी बाजू न सांगता आम्ही थांबलो तर ती श्रोत्यांची फसवणूक होईल.

उत्सवाने विद्या दिली; मान दिला नाही. देवळात जिचे गाणे ऐकावयास सारा गाव लोटे, त्या मुलीस त्याच गावातील घरंदाज लग्नसमारंभात बरोबरीची जागा नव्हती. तिची कला देवाची म्हणावयाची आणि तिचे आयुष्य मात्र यजमानाच्या मर्जीवर सोपवावयाचे, असा तो न्याय होता. म्हणूनच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलावंत समाजातील सुधारकांनीच संघटना उभारल्या, मुलींना त्या सेवेतून सोडवले, शाळेत घातले, आणि 'गोमंतक मराठा समाज' हे नवे नाव धारण केले. त्या घरांतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक निघाले. काही मुलींनी गाणे सोडलेही. ज्या गाण्याबरोबर अपमान बांधलेला आहे ते गाणे कोणी सोडले, तर त्यास दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. केसरबाई, मोगूबाई यांचे मोठेपण असे की त्यांनी गाणे राखले आणि अपमान झुगारून दिला. त्यासाठी त्यांनी काय किंमत दिली असेल, याचा हिशेब मैफलीतल्या टाळ्यांत सापडत नाही.

चर्चच्या तीरावरही निराळे काय घडले? मेस्ताने सूर शिकवला, सौदा शिकवला नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव ठळक. चाल कागदावर उतरवणाऱ्याचे नाव पुष्कळदा नसेच, असले तर साहाय्यकांच्या ओळीत. वादकांस दिवसाच्या कामाचे पैसे मिळत. गाणे वर्षानुवर्षे विकले गेले तरी त्यातील वाटा त्यांना नव्हता. पुढे त्यांनी आपली संघटना उभारली आणि मजुरीचे दर ठरवून घेतले. १९८० नंतर हळूहळू इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली, पन्नास वादकांचे काम एका कळपट्टीवर होऊ लागले, आणि हा धंदाही आटत गेला. इकडे १९६१ च्या गोवामुक्तीनंतर गावोगाव सरकारी शाळा निघाल्या. ती इष्टच गोष्ट होती. पण चर्चच्या जुन्या संगीतशाळा त्यानंतर पुष्कळ ठिकाणी मंदावल्या, काही थोड्या तेवढ्या टिकून आहेत.

मग या साऱ्यातून आपण घ्यावयाचे काय? आम्हास असे वाटते की, उत्सवातून माणसाच्या आयुष्याची जडणघडण होते ती ऐकण्याने नव्हे, काम अंगावर पडण्याने. मंगेशीच्या पालखीपुढे किंवा हळदोण्याच्या फेस्तात मुलगा प्रेक्षक नव्हता. त्याच्यावाचून एक जागा रिकामी राहिली असती. आपल्या नगरातील उत्सव आज आठवून पाहा. मंडप भाड्याचा, रोषणाई भाड्याची, आणि संगीत म्हणाल तर भिंतीएवढे कर्णे, तेही भाड्याचेच. दहा दिवस आपली मुले त्यांच्यापुढे उभी राहतात आणि अकराव्या दिवशी कान सुन्न करून घरी येतात. त्यांच्या हाताला काय मिळाले? पूर्वी मेळ्यात दहा-वीस मुले दोन महिने तालीम करीत. पाठांतर, वक्तशीरपणा, चार जणांत वावरण्याची हिंमत एवढे तरी घेऊन ती बाहेर पडत. त्यांतील सारे गवई झाले नाहीत, होण्याचे कारणही नव्हते. कोणी कारकून झाला, कोणी दुकानदार. पण तालमीत लागलेली शिस्त गल्ल्यावर बसतानाही कामास आली.

आणि दुसरी गोष्ट, जी आम्हास तितकीच महत्त्वाची वाटते. ज्यांच्याकडून उत्सव करून घ्यावयाचा त्यांचे नाव घ्यावे, आणि मजुरी ठरवून वेळेवर द्यावी. मंडप उभारणाऱ्याचे पैसे चोख दिले जातात. तबलजीस मात्र "देवाची सेवा समजा" असे सांगितले जाते. देवाच्या सेवेचे निमित्त सांगून माणसाची मजुरी बुडवण्याची ही चाल आम्हीही पाहिली आहे, आणि लाज वाटते ती याची की, पाहून आम्ही गप्प राहिलो आहोत. मुलाने संगीताकडे वळावे की नाही हा प्रश्न बापाने विचारण्यापूर्वी गावाने स्वतःस विचारावा: आपण वाजवणाऱ्याचे पोट भरू देतो काय?

शेवटी मोगूबाईंच्या कुर्डी गावाविषयी एक शब्द. सांगे तालुक्यातील हे गाव १९८० च्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. गावकरी इतरत्र वसवले गेले. परंतु दर उन्हाळ्यात पाणी ओसरते, मे महिन्यात गावाचे अवशेष उघडे पडतात, आणि विखुरलेले गावकरी तेथे परत येतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो. ख्रिस्ती गावकरी आपल्या चॅपेलचे फेस्त करतात. मग पाऊस येतो आणि गाव पुन्हा पाण्याखाली जाते. घरे गेली, शेते गेली, कुळागरे गेली; पण उत्सव मात्र त्या लोकांनी बुडू दिला नाही. याच वसंतात, आपण येथे खुर्च्यांवर बसून व्याख्यान ऐकत असता, तिकडे कोणी तरी चिखल वाळलेल्या वाटेने वाद्य खांद्यावर घेऊन त्या देवळाकडे निघालेला असेल. त्याच्याबरोबर एखादे पोर चालत असेल, तर ते काही तरी शिकूनच परतेल.